कॅलिपरचा रंग कुठे गेला?

हैदराबादेत वर्षातून दोनदा, ९ मे आणि ३ ऑगस्टच्या आसपास, भर माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. अशा शहरात बारा महिने उघड्यावर उभ्या राहणाऱ्या स्कूटरवर ऊन काय करतं, हे पुढच्या चाकापाशी वाकून पाहिलं की कळतं. शोरूममधून आणली तेव्हा लालभडक किंवा सोनेरी दिसणारा डिस्क ब्रेकचा कॅलिपर काही उन्हाळ्यांनंतर गुलाबट, पांढुरका, मळकट झालेला असतो. स्प्रेचा डबा आणून तो रंगवून टाकावा, असं कुणालाही वाटेल. पण ‘रंग उडाला’ असं आपण म्हणतो तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो.

पहिली शक्यता म्हणजे रंग शाबूत आहे, फक्त झाकला गेलाय. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात. लोखंडाची ही गरम भुकटी कॅलिपरवर बसते, दमट हवेत गंजते आणि तपकिरी थर धरते. गाडी गार झाल्यावर शाम्पूचं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश एवढ्यावर तो निघतो. ही भुकटी हवेच्या झोतानं उडवू नये, कारण ती फुप्फुसात जाते आणि जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉसही असू शकतं. रॉकेल किंवा डिझेल मारून धुण्याची सवय तर ब्रेकजवळ घातकच. त्यानं आतली रबरी सील फुगतात आणि तेल प्यायलेलं पॅड डिस्कला धरत नाही.

धुऊन, वाळवूनही कॅलिपर फिकाच दिसला, तर त्यावर ओलं बोट फिरवा. ओल्या जागी मूळ रंग उजळून आला, तर तो गेलेला नाही, पृष्ठभाग खडबडीत झालाय. नदीतला गोटा ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, त्यामागचं कारणही हेच. खडबडीत पृष्ठभाग पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि तो विखुरलेला प्रकाश खालच्या रंगात मिसळतो. पाणी खाचाखोचा भरतं. त्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे हवेच्या १ पेक्षा रंगातल्या रेझिनच्या साधारण १.५ ला जवळचा, म्हणून विखुरणं कमी होतं. बोटाला रंगाची पूड लागत असेल तर रेझिन उन्हानं खाल्लंय आणि रंगकण उघडे पडलेत. अशा वेळी सौम्य पॉलिशनं वरचा मेलेला थर काढला आणि वॅक्सचा हात दिला, की पुष्कळसा रंग परत येतो. पॉलिश आणि वॅक्स दोन्ही डिस्कपासून मात्र लांब ठेवायचे.

ओलं करूनही रंग दिसला नाही, तर तो खरोखरच गेलाय. सेंद्रिय रंगद्रव्यात आणि साध्या रेझिनमध्ये कार्बन-कार्बन बंध असतात. एक मोल बंध तोडायला सुमारे ३४८ किलोजूल ऊर्जा लागते आणि ३४० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांत ती असते. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात जवळपास ३०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण असतात, त्यामुळे बंध तुटत राहतात. हे किरण आकाशातून विखरूनही येतात, म्हणून नुसत्या सावलीनं पुरतं संरक्षण होत नाही. त्यात ब्रेकची उष्णता. दोन माणसांसह २५० किलो वजनाची स्कूटर ताशी ५० किलोमीटरवरून थांबवली, की सुमारे २४ हजार जूल उष्णता निर्माण होते. एक किलो पोलाद तेवढ्यानं ५० अंशांनी तापेल. हैदराबादेतल्या पंजागुट्ट्याच्या गर्दीत असं किती वेळा होतं, याचा विचार करा.

सिलिकॉन रेझिनचे उष्णतारोधक रंग इथे टिकतात ते यामुळेच. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोजूल लागतात आणि तेवढ्या ऊर्जेचे किरण वातावरणातच अडतात.

काही कॅलिपरवर मुळात रंग लावलेलाच नसतो. अॅल्युमिनियम आम्लात बुडवून वीज सोडली, की धातूतूनच सच्छिद्र ऑक्साइड उगवतं. त्याच्या नॅनोमीटर मापाच्या छिद्रांत रंग मुरवून ती गरम पाण्यात बंद करतात. याला अॅनोडायझिंग म्हणतात. रंगातून धातूची चमक आणि यंत्राचे ओरखडे दिसले, तर ते अॅनोडायझिंग समजावं. दख्खनला ही कल्पना परकी नाही. बिदरी कामात जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांची प्रक्रिया करतात. मिश्रधातू काळा होतो, चांदीची नक्षी तशीच राहते. तो काळा रंगही वरून फासलेला नसतो, धातूच्याच त्वचेचा असतो. हैदराबादच्या बाळापूरमधल्या ‘एआरसीआय’ या संशोधन केंद्रानं सूक्ष्म ठिणग्यांनी अॅल्युमिनियमवर कठीण सिरॅमिक थर उगवण्याचं तंत्र विकसित केलंय. त्यामागचं तत्त्वही याच कुळातलं.

अॅनोडायझिंगचा उडालेला रंग पॉलिशनं परत येत नाही. जुना थर कॉस्टिकनं काढून नवा चढवावा लागतो. त्यात पिस्टनच्या भोकाचं माप बदलू शकतं, म्हणून हे घरी करू नये. जुन्या थरावरच उष्णतारोधक रंग देणं हाच सुरक्षित मार्ग.

रंगवताना पॅड काढून ठेवा. पिस्टन, रबर बूट, सरकत्या पिना आणि ब्लीडिंगचा निपल मास्किंग टेपनं झाका. पॉलिश पेपरनं पृष्ठभाग घासून अॅल्युमिनियमचा प्रायमर द्या, मग पातळ थर चढवा. ब्रेक ऑइलचा एक थेंबही सांडू देऊ नका, कारण डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारची ग्लायकॉल ईथरयुक्त तेलं रंग उकलून काढतात. ही तेलं हवेतली ओलही शोषतात. कोरं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं, पण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. म्हणून कॅलिपर हातात आहे तोवर तेलाचा रंग आणि पॅडची जाडी जरूर पाहा. आणि पॅड परत बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे सरकलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.