शिकारी पक्ष्यासाठी थांबायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न लेन्सचा नव्हता, याचं मला बरं वाटलं. इंदूर, हैदराबाद, बेळगाव, सगळीकडून एकच विचारणा होती: "सर, थांबायचं म्हणजे किती वेळ?"

तासांत उत्तर देता येणार नाही. पण त्या वेळात काय करायचं ते सांगता येईल. फौजेत ऑब्झर्व्हेशन पोस्टवरचा जवान आठ तास नुसता बसून नसतो. समोरचं प्रत्येक झुडूप तो पाठ करत असतो, म्हणजे त्यातलं एक हललं की लगेच कळतं. पक्ष्यासमोर आपलं काम तेच.

सगळ्यांच्या आवाक्यातला पक्षी घेऊ, कापशी घार. राखी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, लाल डोळे. निवृत्तीनंतर मी बडोद्यात राहतो. शहराबाहेर पडलं की शेताकडेच्या तारेवर ती हमखास दिसते, आणि तुमच्याकडेही दिसेल. आधी तिचा गळा बघा. गळ्याखाली छातीशी फुगवटा असेल तर तिचं जेवण झालंय. अशा वेळी निवांत चहा पिऊन यावं, ती बराच वेळ हलणार नाही. गळा सपाट असेल, आणि ती मान वरखाली करत खाली टक लावून बघत असेल, तर गाडीतच बसा. मान हलवून ती अंतराचा अंदाज घेत असते. खाली उंदीर असण्याची शक्यता मोठी.

दुसरी खूण जरा घाणेरडी आहे, पण फार उपयोगाची. पुष्कळदा उडण्याआधी शिकारी पक्षी शेपटी उचलून शिटतो. मग पुढे झुकतो, पंख अंगापासून सैल करतो. शिटला की बोट बटणावर. शटर एक द्विसहस्रांश सेकंद किंवा त्याहून जलद आधीच लावलेला हवा, तेव्हा आकडे फिरवायला वेळ मिळत नाही.

आणि वारा. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडी घेतो, विमानासारखाच. म्हणून पाठीशी सूर्य ठेवा हे सगळे सांगतात, मी म्हणतो पाठीशी वाराही ठेवा. मग पक्षी उडताना तोंड तुमच्याकडे असतं. दोन्ही एकदम जमत नसेल तर मी वारा धरतो. उजेड थोडा कमी चालतो, पाठमोरा पक्षी चालत नाही.

गरुडांचं वेळापत्रक वेगळं. जमीन तापून हवा वर चढायला लागल्याशिवाय मोठा गरुड सहसा उगाच पंख मारत नाही, ताकद लागते त्याला. म्हणजे हिवाळ्यात सकाळचे नऊ-दहा. नेमके तेव्हाच आपले लोक पोहे खायला परत निघालेले असतात!

आता वेळावदर. भावनगरजवळ भाल प्रदेशातलं हे काळवीट राष्ट्रीय उद्यान, जेमतेम 34 चौरस किलोमीटर. पण हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले भोवत्या, म्हणजे हॅरियर, इथे रात्रीच्या मुक्कामाला शेकड्यांनी उतरतात. दिवसभर आजूबाजूच्या कपाशीच्या आणि इतर शेतांवर टोळ-नाकतोडे टिपायचे आणि सूर्य कलला की गवताळ माळावर यायचं. हे झाडावर झोपत नाहीत. आधी मोकळ्या जमिनीवर बसतात, मग खालून एक-दोन घिरट्या घालून उंच गवतात जमिनीवर उतरतात. त्याच गवतात कोल्हे, रानमांजरं आणि लांडगेही फिरतात. म्हणून जागा निवडायला भोवत्या वेळ घेतो, आणि तो वेळ त्याला मिळाला पाहिजे.

एका संध्याकाळी शेजारच्या जीपमधल्या एका गृहस्थांनी बसलेला नर उडावा म्हणून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पक्षी उडाला. त्यांच्या कॅमेऱ्यात काय आलं असेल? शेपूट. घाबरलेला पक्षी माणसापासून लांबच उडणार, त्यामुळे उडवलेल्या पक्ष्याचा फोटो बहुधा पाठमोराच मिळतो. त्यांचा फोटो गेला ते सोडा. अंधार पडायला दहा मिनिटं असताना त्या नराला पुन्हा जागा शोधत फिरावं लागलं. मी ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगितलं, आणि त्या गृहस्थांनाही जे सांगायचं ते फौजी भाषेत सांगितलं.

गाडीवरून आठवलं. गाडी हीच तुमची लपण. शिकारी पक्षी गाडीला बराच सरावतो, पण दार उघडून दोन पायांचं काही बाहेर आलं की संपलं. इंजिन बंद करा, नाहीतर कंपनं फोटोत उतरतात. लेन्स धरून हात भरून येतो आणि मग माणूस घाई करतो. म्हणून खिडकीच्या काचेवर टेकू हवा. बाजारातला महागडा घेऊ नका. जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात तांदूळ भरा, काम होतं.

एका ठिकाणी मात्र थांबायचंच नाही, आणि याबाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही. घरटं. तुम्ही जवळ बसला आहात तोवर मादी अंड्यांवर परत येत नाही. उन्हात अंडी तापतात, उघडी दिसली की कावळे टपलेले असतातच. तुम्ही जितके शांतपणे, जितके चिकाटीने बसाल तितकं नुकसान जास्त. घरटं दिसलं की कॅमेरा न काढता गाडी वळवायची, आणि जागा कुठल्याही ग्रुपवर सांगायची नाही.

पुढच्या भागात उडत्या पक्ष्यावर फोकस कसा टिकवायचा ते बघू. तोवर एक काम करा. कॅमेरा घरी ठेवून, दुर्बीण आणि वही घेऊन एकाच कापशी घारीसमोर एक सकाळ बसा. ती किती वेळा शिटली, त्यातल्या किती वेळा उडाली, लिहून ठेवा आणि मला कळवा.