संगणकावरील शेती आणि निद्रा
औषधालयाचा हिशेब मिटल्यावर त्याच संगणकावर इंटरनेटवाचून चालणारा एखादा शांत शेतीचा खेळ सुचवा, असे वैद्यबंधू आम्हांस विचारतात. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडविलेला 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) आम्हांस उजवा वाटतो. त्यात पाणी चुकले तरी पीक मरत नाही, केवळ वाढ थांबते. धाराशिवच्या कोरडवाहू सोयाबीनला ही सवलत कुठली! म्हणूनच शेतीने गांजलेल्या रुग्णास तो सुचविताना आम्ही कचरतो. चरकाचार्यांनी निद्रा त्रयोपस्तंभांत गणली. या खेळातही पात्र झोपल्यावाचून प्रगती जतन होत नाही, रात्री २ पर्यंत जागल्यास ते कोसळते. खेळणारा मात्र 'आणखी एकच दिवस' म्हणत जागतो. खेळातील दिवस सुमारे १४ मिनिटांचा. तेव्हा मात्रा दोन दिवसांची, तीही रात्री १० पूर्वी.