आठवीपर्यंतचा हक्क

यंत्रमागांच्या इचलकरंजीत मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचातल्या आडव्या धाग्यांवर मोजतात. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, या प्रश्नावर इथे संप झाले आणि तडजोडीही झाल्या. संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी कबनूर-शहापूरकडच्या एखाद्या बोळातून चाला. खटखटाटात बोलणं ऐकू येत नाही, केसांवर-भुवयांवर पिंज बसलेले कामगार बाहेर पडत असतात आणि बापाचा डबा घेऊन आलेलं एखादं पोर दारात उभं असतं. ते सातवी-आठवीत असेल, तर त्याला शाळेत टिकवणं ही सरकारची कायदेशीर जबाबदारी आहे. नववीत गेलं की ती जबाबदारी कुणाची? २००९ चा शिक्षण हक्क कायदा तिथे गप्प बसतो.

शिक्षणाच्या हक्काची गोष्ट सांगताना आपण कोल्हापूरकर लगेच १९१७ वर येतो, आणि यावंच. ब्रिटिश हिंदुस्थानात सक्तीच्या शिक्षणाचं गोखल्यांचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं होतं. पाच वर्षांनी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरुवात करून १९०६ मध्ये ते राज्यभर नेलं होतं. शाहूंच्या कायद्यात मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया गरिबाला चांगलाच चटका देणारा! म्हणजे राजा शाळा काढणार, आणि पोर पाठवलं नाही तर जाब बापाला.

इचलकरंजी तेव्हा कोल्हापूरच्या छत्राखालची घोरपड्यांची जहागीर. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाचं नशीब मागाशी बांधलं गेलं. घोरपड्यांच्या राजवाड्यात आज डीकेटीईचं वस्त्रोद्योग शिकवणारं महाविद्यालय भरतं.

पुढचा अंक घटना समितीतला, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. मसुद्यात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, असं कलम होतं. २३ नोव्हेंबर १९४८ ला ते शब्द गाळले गेले. कारण देण्यात आलं की, मार्गदर्शक तत्त्वांत हक्काची भाषा शोभत नाही. उरला तो प्रयत्न करण्याचा वायदा, दहा वर्षांत. गंमत पाहा, त्यानंतर १७ दिवसांनी, १० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि त्याच्या २६ व्या कलमात शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क ठरला. जाहीरनामा घडवणाऱ्या आयोगावर भारताच्या हंसा मेहता होत्या. त्या आपल्या घटना समितीच्याही सदस्य. युरोपातही हा हक्क सहज आला नाही. १९५० च्या मानवी हक्क करारात तो नव्हताच, १९५२ च्या पुरवणी करारातून आला, आणि तोही ‘कुणाला शिक्षण नाकारू नये’ अशा सावध शब्दांत.

घटना समितीतल्या त्याच चर्चेत १४ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हा वायदा फक्त ‘प्राथमिक’ शिक्षणापुरता करू नये, असं डॉ. आंबेडकरांनी सांगितलं. त्यांचा मुद्दा सरळ होता: १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला घटना मनाई करते, मग ते मूल शाळेतच असायला हवं. माग आणि शाळा यांचं नातं इतक्या नेमकेपणाने क्वचितच मांडलं गेलं असेल.

दहा वर्षांच्या वायद्याचं काय झालं, ते ठाऊकच आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१अ आलं, आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. शाहूंच्या काळाच्या नेमकं उलट झालं: दंड पालकाला नाही, बांधील सरकार. माझ्या मते खरा बदल हाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या कायद्याने गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के प्रवेशांतून सूट दिली, आणि उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो नियम रद्द केला. नुसत्या वायद्यावर असा दावा चालला नसता.

इचलकरंजीला या कायद्यातली काही कलमं अगदी बेतल्यासारखी बसतात. उत्तर प्रदेशातून किंवा सीमेपलीकडून कर्नाटकातून मागावर आलेल्या कुटुंबाचं मूल वर्षाच्या मध्यात येतं. शाळा सोडल्याचा दाखला गावाकडे, जन्माचा पुरावा नाही. कायदा म्हणतो, दाखल्यासाठी प्रवेश अडवू नका, वयाच्या पुराव्यासाठी नाकारू नका, वयानुरूप वर्गात बसवा. दहा वर्षांचं पोर पहिलीत नको.

खिंडार पुढे आहे. २५ टक्क्यांतून खासगी शाळेत शिकलेल्या मुलाच्या बापाला नववीपासून पूर्ण फी भरावी लागते. मजुरी पिकावर मिळवणाऱ्याने ती कशी भरायची? त्यात बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामं बंद आहेत, बाकीची खुली.

हीच फट जगभर आहे. १९८९ चा बालहक्क करार प्राथमिक शिक्षण मोफत मागतो, माध्यमिकाबाबत मात्र गुळमुळीत बोलतो. जुलै २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने पूर्वप्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणही मोफत करणाऱ्या पुरवणी कराराचा मसुदा करायला कार्यगट नेमायचं ठरवलं. तो करार झाला आणि भारताने मानला, तरी हा हक्क मूलभूत करायचा तर २१अ मधला १४ चा आकडा बदलावा लागेल, आणि आंबेडकरांचा युक्तिवाद धरला तर बालमजुरीच्या कायद्यातला आकडाही त्याच्याबरोबर हलवावा लागेल.