तंबूविना खाडीतला मुक्काम

ठाण्याच्या खाडीत तंबू ठोकण्याजोगी जमीनच नाही. दिवसातून दोनदा भरती येते आणि उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढते. सकाळी उघडी दिसणारी चिखलवाट दुपारी पाण्याखाली असते. त्यातच २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाला, २०२२ मध्ये खाडीचे नाव पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. तिथे धोकादायक रीतीने शेकोटी पेटवणे हाही गुन्हा आहे. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये अशाच कांदळवनात पाण्यावर उभारलेल्या लाकडी मचाणांवर परवाना काढून रात्र काढता येते. ठाण्यात मात्र खाडीचा सहवास होडीतूनच घ्यावा लागतो आणि तो पुरेसा समृद्ध आहे.

डोंबिवली-कल्याणकरांना ठाण्याला गाडी बदलून ऐरोली गाठता येते. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होड्या सुटतात, त्याही भरतीच्या हिशेबाने. कोळ्यांचा हा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीच्या आतल्या टोकाला थोडी उशिरा. होडीला पाणी हवे, तर चरणाऱ्या रोहितांना उघडा चिखल. म्हणून पाणी उतरू लागते ती वेळ सर्वांत चांगली. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत हे पक्षी इथे असतात. धाकटा रोहित गडद लाल चोच उलटी बुडवून सूक्ष्म शैवाल गाळून खातो. थोरल्याची चोच गुलाबी, टोकाला काळी, आणि त्याचा भर चिखलातल्या बारीक जिवांवर.

पण नजर फक्त गुलाबी थव्यांवर खिळली तर बरेच काही हातचे जाते. तिवराची मुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात, आणि त्याच्या पानाच्या पाठीवर मिठाचे बारीक कण चमकतात. खाली निवटी पुढच्या परांवर रेटा देत सरपटते. अंग ओले असेपर्यंत ती त्वचेतूनही श्वास घेते, त्यामुळे हा मासा ओहोटीतही बिळाबाहेर हिंडतो.

कल्याण-डोंबिवलीच्या काठाने वाहणारी उल्हास नदी पुढे वसईकडे जाते. ठाण्याजवळच्या अरुंद फाट्याने ती या खाडीला जोडलेली आहे. तिच्या काठचे कांदळवन अभयारण्याबाहेर असले तरी मोकळे नाही. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यभरातल्या कांदळवनांना आणि त्यांच्या भोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्याला संरक्षण मिळाले.

रात्री खाडी झोपत नाही. रोहित अंधारातही चरतात, सोनेरी कोल्हे खेकडे शोधत तिवरांतून फिरतात. काठच्या वस्तीजवळ कोल्हा दिसला, तर त्याच्यावर विजेरीचा झोत टाकू नये आणि त्याला खाऊही घालू नये. वाट मोकळी ठेवली की तो आपणहून कांदळवनात परततो.