भोगीची भाजी : एका ऋतुनियमाचे विवेचन

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवसास भोगी म्हणतात. त्या दिवशी महाराष्ट्रात, विशेषतः देशावर, अनेक भाज्या व शेंगा एकत्र शिजवून जो रस्सा करतात, त्यास 'भोगीची भाजी' एवढेच नाव आहे. आपल्याकडील बहुतेक भाज्यांची नावे घटकावरून किंवा कृतीवरून पडलेली आहेत. वांग्याचे भरीत, मेथीची पातळ भाजी, भरली कारली ही त्याची उदाहरणे होत. या भाजीचे नाव मात्र दिवसावरून पडले आहे. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु या पदार्थाचे खरे स्वरूप त्यातच साठविलेले आहे. त्या दिवशी शेतात व परसात जे उभे असेल ते एकत्र शिजवावे, असा हा नियम आहे. ठराविक घटकांची यादी हे त्याचे नंतरचे, दुय्यम रूप होय. हा नियम कसा घडला, तो पाकदृष्ट्या व पोषणदृष्ट्या कितपत टिकतो, आणि आज त्याची नोंद तातडीने का व्हावयास हवी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. शेत आणि तिथी

भोगी सध्या १३ किंवा १४ जानेवारीस येते. संक्रांत निरयन गणनेवर आधारलेली असल्यामुळे ती इंग्रजी तारखांच्या मानाने साठ-सत्तर वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकते. परंतु मानवी पिढ्यांच्या हिशेबाने हे सरकणे इतके मंद आहे की, तिथी आणि पीक यांची सांगड त्यामुळे सुटलेली नाही.

या सुमारास दख्खनच्या शेतीत दोन हंगामांचा सांधा जुळतो. खरिपाची बाजरी मळून घरात आलेली असते. तीळ व भुईमूग झाडून झालेले असतात. नवा गूळ गुऱ्हाळातून बाहेर पडू लागलेला असतो. दुसरीकडे रब्बीची ज्वारी हुरड्यास येते आणि हरभऱ्याचे घाटे भरतात. पण हरभरा अजून हिरवा असतो. परसातील मांडवावर घेवडा व वालपापडी लगडलेली असते. वांगी, गाजर, चाकवत, मटार यांस थंडी मानवते. बोरे पिकू लागतात. म्हणजे साठवणीतले कोरडे धान्य आणि शेतातले ओले दाणे एकाच वेळी हाताशी असण्याचा काळ तो हाच. भाजीत ओला हरभरा, ओल्या शेंगा व वांगी. तिला दाटपणा आणणारा तिळाचा कूट. आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी, ही मांडणी त्या सांध्याचेच ताटातील रूप आहे.

थंडीचा चवीशीही संबंध आहे. रात्री तापमान उतरले की वनस्पतींचा श्वसनवेग मंदावतो आणि दिवसा तयार झालेली साखर कमी खर्ची पडते. गाजरासारख्या मुळांत थंडीमुळे साखरेचे प्रमाणही वाढते. याउलट मटार किंवा हरभरा तोडल्यानंतर त्यातील साखरेचे पिष्टमय पदार्थांत रूपांतर होऊ लागते, आणि उष्णतेत ही क्रिया जलद होते. सकाळी तोडलेले आणि दुपारच्या आत शिजलेले दाणे गोड लागतात, हा गृहिणींचा अनुभव रसायनशास्त्रास धरूनच आहे.

२. घटकांचा इतिहास

या एका भांड्यात निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या दिशांनी आलेल्या वनस्पती एकत्र आलेल्या आहेत. वांगे, तीळ आणि बोर ही याच भूभागाची. हडप्पा येथील उत्खननात जळालेले तीळ सापडले असून, पिकाऊ तिळाचा वन्य पूर्वज भारतातच आढळतो. वाल, पावटा व वालपापडी या एकाच जातीच्या वनस्पती होत. या जातीचे वन्य रूप आफ्रिकेत असले, तरी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात दक्षिण भारतात तिची लागवड होत होती. बाजरी आणि चिंच यांचेही मूळ आफ्रिकेतच. हरभरा व वाटाणा पश्चिम आशियातून आले. गाजर अफगाणिस्तान-इराणच्या बाजूने आले. भुईमूग, मिरची आणि बटाटा ही दक्षिण व मध्य अमेरिकेची देणगी असून पंधराव्या शतकापूर्वी त्यांचा येथे मागमूसही नव्हता.

चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात पाकक्रियांची तपशीलवार वर्णने आहेत. तेथे तिखटपणासाठी मिरे येतात, मिरची येत नाही. यावरून एक गोष्ट निश्चित होते. आज आपण 'पारंपरिक' म्हणून जी भोगीची भाजी खातो, ती आजच्या रूपात फार तर तीन-चार शतकांची असू शकेल. परंतु नियम स्थिर आणि घटक बदलते असल्यामुळे प्रत्येक नव्या पिकास त्यात सामावून घेता आले. घटक बदलले म्हणजे परंपरा भ्रष्ट झाली, असे मानण्याचे कारण नाही. परंपरा येथे पदार्थाच्या यादीत नसून निवडीच्या रीतीत आहे.

३. पाकक्रिया व तिची कारणे

पाच-सहा माणसांच्या कुटुंबास पुरेल असे एक प्रमाण पुढीलप्रमाणे धरता येईल : वालपापडी किंवा घेवडा पाव किलो, सोललेला ओला हरभरा, पावट्याचे दाणे व मटार प्रत्येकी एक वाटी, भिजविलेले किंवा ओले शेंगदाणे अर्धी वाटी, दोन मध्यम गाजरे, चार लहान वांगी, आठ-दहा बोरे, तीळ चार चमचे व सुके खोबरे दोन चमचे, दोन्ही भाजून कुटलेले, काळा मसाला दोन चमचे, लिंबाएवढी चिंच, तितकाच गूळ, तिखट व मीठ चवीप्रमाणे.

तेलात मोहरी, हिंग व हळद यांची फोडणी करून प्रथम शेंगदाणे, हरभरा व पावटा घालावेत. ते परतल्यावर गाजर व शेंगा, आणि काही वेळाने वांग्याच्या फोडी घालाव्यात. आधणाचे पाणी बेताने ओतून झाकण ठेवावे व झाकणावर पाणी ठेवावे. दाणा बोटाने चेपला जाऊ लागला की मगच चिंचेचा कोळ, गूळ व मसाला घालावा. नंतर कूट घालून एक उकळी आणावी. बोरे अगदी शेवटी पडतात.

हा क्रम अनुभवी हात सहसा मोडीत नाहीत, आणि त्यास सबळ कारण आहे. वनस्पतींच्या पेशी एकमेकींस पेक्टिन या द्रव्याने जोडलेल्या असतात. शिजणे म्हणजे बव्हंशी हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणे. आम्ल माध्यमात पेक्टिन अधिक टिकून राहते. म्हणून चिंच आधी घातल्यास दाणे कितीही वेळ शिजविले तरी टणक राहतात. गुळातील चुन्याचा अंश पेक्टिनला अधिकच घट्ट करतो. ज्या गावचे पाणी जड, त्या गावी डाळी व दाणे लवकर शिजत नाहीत, त्याचेही कारण हेच. अशा ठिकाणी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची रीत आहे. त्याने दाणे मऊ होतात हे खरे. पण अल्कधर्मी पाण्यात ब-१ व क ही जीवनसत्त्वे अधिक वेगाने नष्ट होतात. दाणे आधी भिजविणे किंवा शिजविण्यासाठी पाणी उकळून निवळून घेणे हा त्याहून बरा उपाय होय.

झाकणावर पाणी ठेवण्यातही हेतू आहे. वरचा भाग तुलनेने थंड राहिल्याने वाफ तेथे निवून पुन्हा भांड्यात पडते. त्यामुळे पाणी कमी लागते, भाजी बुडाला लागत नाही, आणि रसात उतरलेले पोषक अंश फेकले जात नाहीत.

४. पोषणाचा हिशेब

'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण सर्वपरिचित आहे. एका दिवसाच्या भोजनाने वर्षाचे आरोग्य ठरत नाही, हे उघड आहे. मात्र म्हणीत ज्या मिश्रणाची शिफारस केली आहे त्याचे गुण तपासून पाहण्याजोगे आहेत.

कडधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, परंतु मेथिओनिन कमी असते. तीळ व बाजरी यांची स्थिती याच्या उलट आहे. म्हणून शेंगांची भाजी, तिळाचा कूट आणि बाजरीची भाकरी ही त्रयी एकमेकींची उणीव भरून काढते. गाजर व चाकवत यांतील कॅरोटीन स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषले जाते. तिळात सुमारे निम्मे वजन तेलाचे असते, आणि भाकरीवर लोणी असतेच. बाजरीत लोह चांगले असते, पण फायटेटमुळे त्याचे शोषण अडते. क जीवनसत्त्व हा अडथळा काहीसा कमी करते. बोरांत ते विपुल असल्याने आणि ती शेवटी पडत असल्याने त्यातील काही भाग टिकून राहतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगावयास हव्यात. सालीसकट तिळात १०० ग्रॅममागे सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, असे पोषणकोष्टके सांगतात. परंतु त्याचा मोठा भाग सालीतील ऑक्झलेटशी बद्ध असतो व शरीरास सहज मिळत नाही. केवळ कोष्टकावर विसंबून तिळास दुधाची बरोबरी देणे योग्य नव्हे. दुसरे असे की, वाल-पावट्यांत पचनास अडथळा करणारी ट्रिप्सिनरोधक द्रव्ये व लेक्टिने असतात. ती ओल्या उष्णतेने, म्हणजे पूर्ण उकळून शिजविल्याने, निष्प्रभ होतात. म्हणून हे दाणे अर्धेकच्चे ठेवण्याची नवी आवड हितकर नाही.

५. शेजारचे पदार्थ

हाच हंगाम इतरत्र वेगळ्या कृतीत उतरतो. रायगड जिल्ह्यात भात निघाल्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पिकतो. त्याच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, पाण्याचा थेंबही न घालता, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. ही पोपटी होय. तीत शेंगा स्वतःच्याच ओलाव्याच्या वाफेवर शिजतात. सुरतेच्या बाजूचा उंधियू याच कुळातला असून त्याचे नावच मडके उपडे ठेवण्याच्या क्रियेवरून आले आहे. खानदेशात वाफेची जागा प्रत्यक्ष आच घेते. तेथील फिकट हिरवी, कमी बियांची मोठी वांगी काडीच्या जाळावर भाजून लाकडी बडगीत ठेचतात. 'जळगाव भरीत वांगे' यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोगीची भाजी, पोपटी आणि भरीत यांत रस्सा, वाफ व आच अशा तीन वाटा दिसतात. परंतु तिन्हींत कच्चा माल त्या पंधरवड्याच्या शेतातला आहे.

६. नोंदीची निकड

आज मोठ्या शहरांतील मंडईत भोगीच्या आधी दोन दिवस चिरलेल्या मिश्र भाजीचे वाटे विकावयास येतात. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. शेंगा सोलण्याचे तासन् तास चालणारे काम बहुधा स्त्रियांच्याच वाट्यास येत असे, आणि तो भार हलका होणे इष्टच आहे. लाल देशी गाजराऐवजी नारिंगी गाजर आले, यातही पोषणाची हानी नाही. लाल गाजराचा रंग मुख्यत्वे लायकोपिनचा असून त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही, नारिंगी गाजरातील कॅरोटीनपासून ते बनते.

खरी हानी निराळी आहे. वाट्यात काय असावे हे आता शेत ठरवीत नाही. मागणी व शीतगृह ठरविते. त्यामुळे यादी सर्वत्र सारखी होत चालली आहे. ज्या परसातील वालाचे बी दरवर्षी घरातील एखादी वृद्ध स्त्री राखेत घालून गाडग्यात जपून ठेवीत असे, तो वाल बाजारात जात नाही. आणि घरातही कोणी मागितला नाही तर पुढल्या वर्षी पेरला जात नाही. बी दोन-चार वर्षे न पेरल्यास त्याची उगवणशक्ती क्षीण होते, आणि मग ते वाण परत मिळविण्याचा मार्ग उरत नाही. पाककृती विसरली तर पुन्हा रचता येते. वाण पुन्हा रचता येत नाही.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) या ग्रंथाने वाटी-चमच्याची निश्चित मापे देऊन घरगुती पाककलेची फार मोठी सेवा केली. निश्चित कृतीमुळे पदार्थ टिकतो, हे त्याने सिद्ध केले. नियम टिकविण्यास मात्र वेगळ्या प्रकारची नोंद लागते. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन भोगीच्या दिवशी प्रत्येक घरी भांड्यात काय पडले, ते कोठून आले, त्यास स्थानिक नाव काय, बी कोणी राखले आणि एखादा घटक न मिळाल्यास त्याच्या जागी काय घेतले, एवढ्या पाच गोष्टी लिहून आणाव्यात. 'घेवडा' हा एकच शब्द एका तालुक्यात वालाच्या शेंगेस, तर दुसऱ्यात अमेरिकेतून आलेल्या श्रावणघेवड्यास लावला जातो. म्हणून नावाबरोबर दाण्यांचा नमुनाही आणणे अगत्याचे आहे. या कामास उपकरणे लागत नाहीत की अनुदान लागत नाही. लागते ते जानेवारीतील एका दिवसाचे श्रम, आणि माहिती देणारी माणसे हयात असेतो ते करण्याची तत्परता.