साठ क्रेटचा रविवार

रात्री ११:४०
मिरजेजवळ आरग-बेडगच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून आत, द्राक्षबागांच्या मधोमध एक पत्र्याचं शेड. लांबी अडीचशे फूट, रुंदी वीस. दारात चुना पसरलेला. पाय त्यात घासूनच आत जायचं. मामा चप्पल बाहेर काढतात आणि शेडमालकाचे गमबूट चढवतात. कुपवाडात एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं चिकनचं दुकान आहे. गिऱ्हाईकं, पोरं, गाडीवाले, सगळे त्यांना मामाच म्हणतात. आठवडाभर माल एजंटाच्या गाडीनं येतो. शनिवारी मात्र ते स्वतःची पिकअप घेऊन येतात. स्वतःच्या दुकानाचा आणि सावळी-बामणोलीकडच्या पाच दुकानांचा माल एकदम भरतात.

आत दोनच बल्ब. अंधारात पक्षी दबून राहतो, पकडताना उडत नाही. पाच हजार पक्षी, पक्ष्यामागं एक चौरस फूट. खाली भाताचं तूस, एकेचाळीस दिवसांत विष्ठेनं काळं पडलेलं. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. मालक रोज दाताळ्यानं तूस खालीवर करतात, चुना मारतात, पडदे उघडतात. तूस ओलं राहिलं की पक्ष्याच्या पायाला आणि छातीला चट्टे पडतात. संध्याकाळी पाचलाच खाद्याची भांडी वर टांगली आहेत. पाणी चालू आहे. पोट भरलेला पक्षी क्रेटमध्ये घाण करतो, आणि कापताना आतडं फुटलं तर मटण नासतं.

पक्षी बहुतेक बसलेलेच. एकाला मालक हातानं उठवतात. तो तीन-चार पावलं टाकतो आणि पुन्हा बसतो. एकेचाळीस दिवसांपूर्वी हे पिल्लू चाळीस ग्रॅमचं होतं. आज दोन किलो दोनशे. मांस वाढलं त्या वेगानं पाय वाढले नाहीत.

"लोक म्हनत्यात इंजेक्शन देऊन फुगवत्यात," मालक म्हणतात. "पाच हजाराला टोचायला मानसं कुठनं आनू?" ते खरं सांगतात. वाढ इंजेक्शनातून येत नाही, जातीतून येते. सगळ्यांत लवकर वजन धरणारा पक्षी निवडायचा, त्याची पैदास करायची, पुन्हा निवडायचा, असं पिढ्यान् पिढ्या केलेलं आहे. त्याला मका आणि सोयापेंडीचं खाद्य. साडेतीन किलो खाद्यात हा पक्षी तयार होतो. गावरान कोंबडीला एवढं वजन धरायला सहा महिने पुरत नाहीत.

औषधाची काळजी वेगळी. कोलिस्टिन नावाचं, माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक कोंबड्यांच्या खाद्यात वापरायला सरकारनं २०१९ साली बंदी घातली. या शेडवर शेवटच्या आठवड्यात औषध नाही, असं कार्डावर लिहिलेलं आहे. कार्ड दाराजवळ खिळ्याला टांगलंय. रोजची मर, रोजचं खाद्य, सातव्या दिवशी लासोटाची लस, चौदाव्या दिवशी गंबोरोची, सगळं त्यावर पेनानं.

रात्री १२:१५
पक्षी पकडणाऱ्या टोळीत सहाजण. वाकायचं, पाय धरायचे, एका हातात चार, दुसऱ्या हातात चार, उलटे लटकवून दारापर्यंत चालायचं. आठ पक्षी म्हणजे साडेसतरा किलो. सहाजणांत मिळून नव्वद खेपा. त्यांना पक्ष्यामागं दोन रुपये, तेही वाटून. लवकर संपलं तर दुसऱ्या शेडवर दुसरी गाडी मिळते. त्यामुळं हात वेगानं चालतात.

वेगात पक्ष्याचा पंख क्रेटच्या कडेला आपटतो. एकदा कट् असा आवाज येतो. मामा ओरडतात, "आरं हळू! मोडल्याला पंख गिऱ्हाईक घेत न्हाय." पोरगं थांबतं, पक्षी दोन हातांनी धरून आत ठेवतं. पुढच्या दोन खेपा हळू. मग पुन्हा पहिल्यासारखंच. मला त्या पोराचा राग आला नाही. दोन रुपयांच्या सहाव्या हिश्श्यात जितकं जपता येतं, तितकंच तो जपतो.

क्रेटमध्ये बारा पक्षी. झाकण लावताना एक डोकं वर राहतं, ते तळहातानं आत दाबावं लागतं. साठ क्रेट, सातशेवीस पक्षी.

रात्री १:३०
काटा. रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून १,५८४ किलो. आजचा दर किलोला ११२ रुपये. म्हणजे पावणेदोन लाखाच्या वर. पैसे दुपारीच कंपनीच्या खात्यावर गेलेत. पैसे पोचल्याशिवाय शेडचं दार उघडत नाही.

हे पैसे शेडमालकाचे नाहीत. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध आणि डॉक्टर कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणं मालकाचं. त्यांना वाढवण्याची मजुरी मिळते, किलोला आठ रुपये. दोनशे पक्षी मेले असं धरलं तर बॅचचे चौऱ्याऐंशी हजार होतात. त्यातून तूस, पिल्लांना ऊब द्यायचा गॅस, लाइट बिल, एक गडी आणि शेडच्या कर्जाचा हप्ता. बॅच आणि साफसफाई धरून दोन महिने जातात. वर तुसाचं खत उरतं. एप्रिलात द्राक्षबागांची खरड छाटणी असते, तेव्हा बागायतदार ते शेडवरनं उचलून नेतात. "खताचं पैसं कुनी कापत न्हाय, तेवढं खरं आमचं," मालक म्हणतात.

रात्री २:४०
मिरजेकडं जाणारा रस्ता. गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही, वाऱ्यानं क्रेट हलतात. आणि थांबायचंही नाही. गाडी थांबली की मधल्या क्रेटना वारा लागत नाही, पक्षी चोच उघडून धापा टाकायला लागतात. मामा चहालाही उतरत नाहीत. मिरजेच्या पुलाजवळ पाच मिनिटं गाडी अडली, तेवढ्यात ते खाली उतरून बाटलीनं वरच्या क्रेटवर पाणी मारून आले. ट्रिपचा खर्च २,४०० रुपये, डिझेल आणि ड्रायव्हर धरून.

पहाटे ४:३०
पाच दुकानांचा माल उतरवून झाला. कुपवाडात शेवटचे दहा क्रेट. सगळ्या गाडीत मिळून नऊ पक्षी मेलेले, त्यातले दोन मामांच्या वाट्याचे. पुन्हा वजन. शेडवर जे २६४ किलो होतं, ते मेलेले धरूनही २५६. रात्रभरात आठ किलो हवेत गेले. याला घट म्हणतात. ही घट दुकानदाराच्या डोक्यावर.

सकाळी ५:१५
दोन कारागीर आलेत. एक पन्नाशीचा, एक विशीतला. आधी धार. कुरंदाच्या दगडावर पाणी टाकून सुरी घासायची, अंगठ्याच्या नखावर तपासायची. ओंडका चिंचेच्या लाकडाचा. चिंचेचं लाकूड घावानं सुटत नाही, भुसा मटणात येत नाही. रोज रात्री त्याला मीठ चोळून ठेवतात.

मागच्या भिंतीला स्टीलचे चार शंकू. पूर्वी इथं निळं बॅरल होतं. मानेवर सुरी फिरवून पक्षी त्यात टाकायचा आणि आतली फडफड थांबेपर्यंत दुसरा घ्यायचा. बहुतेक दुकानांत आजही तसंच. शंकूत पक्षी डोकं खाली करून बसतो, पंख दाबलेले राहतात, आपटत नाहीत. थोरला कारागीर एका हातानं डोकं धरतो, बिस्मिल्ला म्हणतो, एकच वार. रक्त खालच्या पन्हाळीत. तो हात काढत नाही. पक्षी निवेपर्यंत डोकं हातात धरून उभा राहतो.

शंकू आणि पिंजरा यांच्यामध्ये जाड ताडपत्रीचा पडदा आहे. एका जनावरासमोर दुसरं कापू नये, असं २००१ च्या कत्तलखान्यांच्या नियमांत लिहिलेलं आहे. मामांनी ते वाचलेलं नाही. "बायामानसं तोंड फिरवायची म्हनून लावला. पन पडदा लावल्यापास्नं पिंजऱ्यातला पक्षी बी गप ऱ्हातोय."

सकाळी ७:१०
रात्रपाळी सुटलेले कामगार. फाउंड्रीतली पोरं, कपड्यांवर काळी भुकटी. एका खोलीत पाचजण राहतात, वर्गणी काढून दीड किलो नेतात. बकऱ्याच्या मटणाला किलोमागं सातशे-आठशे मोजावे लागतात, इथं दोनशेवीस. २०१९ च्या शेवटी कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, तेव्हा इथंही गर्दी वाढली होती, असं मामा सांगतात. ती पुन्हा कमी झाली नाही.

सकाळी ८:३० ते ११:३०
आता कुणी बोलत नाही. फक्त आकडे. एक किलो. अर्धा. पावशेर कलेजी-पेटा वेगळा.

थोरल्याचे हात बघत राहावेत असे. पायाच्या सांध्यावर चीर, बोटं कातडीखाली, आणि सदरा उतरवावा तशी पिसांसकट कातडी एका ओढीत वेगळी. पोट उघडून आतडी बाहेर, पित्ताची पिशवी नखानं अलगद बाजूला. ती फुटली तर कलेजी कडू. मग ओंडका. लेग, छाती, पाठ, पंख. एका पक्ष्याला तीन मिनिटं. दहानंतर चार लागतात. बोटं पाण्यानं पांढरी पडून चिरलेली. डाव्या तर्जनीवर तीन जुने व्रण. रविवारची मजुरी सातशे, इतर दिवशी पाचशे. इतर दिवशी दोघांना मिळून पंचवीस पक्षीसुद्धा होत नाहीत, म्हणून सोमवारी, गुरुवारी धाकटा येतच नाही. श्रावणात तर महिनाभर तो वर्कशॉपवर हेल्परचं काम बघतो.

गिऱ्हाईकही बदललंय. जिमला जाणारी पोरं फक्त छातीचं बोनलेस मागतात. चिकन सिक्स्टी-फाइव्हचे गाडेवाले छोटे तुकडे नेतात. एक आजी येतात, पावशेर घेतात, नातवाला लेग पीस पाहिजे म्हणून सांगतात. त्यांच्या लहानपणी कोंबडी पाहुणा आल्यावर कापायची, तीही घरची. देशात २०२३-२४ मध्ये १ कोटी टनांहून थोडं जास्त मांस तयार झालं, त्यातलं निम्म्याच्या जवळ कोंबडीचं होतं. त्या निम्म्यातला पावशेर आजींच्या काळ्या पिशवीत.

एकजण गावरान आहे का विचारतो. मामा नाही म्हणतात. गिरिराज जातीचा पक्षी गावरान म्हणून खपवता येतो, ते करत नाहीत. २०१९ साली इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या फसवणूक प्रकरणात शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, त्यात त्यांचा मेहुणाही होता. वेगळ्या कोंबडीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा आवळतो.

दुपारी १२:४५
ऊन. पत्रा तापलाय. पिंजऱ्यात अठरा पक्षी, सगळ्यांच्या चोची उघड्या. पिंजऱ्यावर ओलं पोतं आणि समोर टेबल फॅन. पाण्याची भांडी दोन आहेत, तळ दिसला की धाकटा भरतो. मी पाहिलेल्या कितीतरी दुकानांत पिंजऱ्यात पाणी नसतंच. संध्याकाळपर्यंत मरायचंच आहे, पाणी कशाला, असं लोक म्हणतात. मला हे कधी पटलं नाही. तहान त्या दिवशीही लागते.

दुपारी ३:००
भाकरी, पिठलं, कांदा. चिकनच्या दुकानात दुपारी चिकन कुणी खात नाही. मग वहीत हिशेब. १६६ किलो मटण, दोनशेवीसनं छत्तीस हजार पाचशे. खरेदी साडेएकोणतीस हजार. उरलेल्या सात हजारांतून मजुरी चौदाशे, गाडीचा वाटा चारशे, भाडं तीनशे, लाइट-बर्फ-पिशव्या तीनशे, कचऱ्याचे शंभर. हातात साडेचार हजाराच्या आत. आठवड्यातला हा एकच दिवस असा.

दुपारी ४:२०
कचऱ्याची गाडी. दोन बॅरल. पिसं, आतडी, डोकी, पाय. शंभर रुपये वाचवायला काहीजण रात्री नाल्यात टाकतात. मग तिथं कुत्र्यांचा कळप जमतो, आणि पहाटे पाळीला जाणाऱ्या सायकलवाल्यांच्या मागं लागतो. मामा बॅरलला झाकण लावतात, गाडी गेल्यावर फरशी ब्लीचिंग पावडरनं घासून घेतात.

संध्याकाळी ६:३०
फोन. उद्याचा दर १०६. सहा रुपयांनी उतरला. आज ११२ नं घेतलेले सात पक्षी शिल्लक आहेत, ते आता गाडेवाल्याला पडेल भावात. २०२० च्या फेब्रुवारीत कोरोनाची अफवा उठली, तेव्हा दर असा काही कोसळला होता की शेडवाले पक्षी फुकट वाटत होते. सहा रुपये मामांना फार वाटत नाहीत.

रात्री ८:४५
शटर अर्धं खाली. मामा क्रेट धुतात, मी त्यांना एक हिशेब विचारतो. क्रेटमध्ये बाराऐवजी दहाच पक्षी भरले तर? ट्रिपचा खर्च तोच, पक्षी सहाशे. पक्ष्यामागं तीन रुपये तेहतीस पैशांचे चार रुपये होतात. किलोला तीस पैसे. मामा वहीच्या मागच्या पानावर पुन्हा मांडतात. साऱ्या गाडीला चारशे रुपये जास्त. आज नऊ पक्षी मेले. एक पक्षी अडीचशेच्या जवळ. दोन जरी वाचले तरी चारशे वसूल.

"पुढच्या शनवारी दहा भरून बगू," मामा म्हणतात. "बाकीची पाच दुकानं ऐकली पायजेत."

ती दुकानं गिऱ्हाईकाचं ऐकतात. येत्या रविवारी तुमच्या दुकानात गेलात, तर दर विचारल्यावर आणखी दोन गोष्टी विचारा. उन्हाळ्यात क्रेटमध्ये किती पक्षी भरता, आणि पिंजऱ्यात पाणी आहे का? तुमच्या किलोमागं खर्च अर्ध्या रुपयाच्या आत आहे.