शिवनेरीच्या पूर्वेला

जुन्नरचा विषय निघाला की बोलणं शिवनेरीकडे वळतं, आणि ते साहजिक आहे. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराजांचा जन्म या गडावर झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतही तो आहे. पण गडाच्या पायथ्याचं गाव शिवजन्माच्या कितीतरी आधीपासून नांदतं आहे. त्याची थोरवी समजून घ्यायची, तर तालुक्याच्या पूर्व भागातल्या निमगाव सावासारख्या शेतकरी गावापर्यंत यायला हवं. घाट, पेठ आणि पिकाऊ जमीन या तिघांनी मिळून जुन्नर घडवलं, आणि त्यातल्या जमिनीची दखल आपण सर्वांत कमी घेतली.

पश्चिमेला नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढायचा. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाला लोक आजही जकातीचा रांजण म्हणतात. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची मोजदाद आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या लेखातले अंक धरले जातात.

घाटातून आलेला पैसा डोंगरांत मुरला. तुळजा, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री अशा चारही अंगांना बौद्ध लेणी कोरली गेली. तुळजा लेण्यात बारा खांबांचं वर्तुळाकार चैत्यगृह आहे. लेण्याद्रीच्या एका विहारात पुढे गिरिजात्मज गणपती आला आणि त्या डोंगराला अष्टविनायकांत स्थान मिळालं. पण मला इथले दाते अधिक मोलाचे वाटतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी खोदवली. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने, लेखात नोंदवलेल्या ४६ व्या वर्षी, मानमोडीला मंडप आणि टाकं दिलं. अदुथुम नावाच्या शक उपासकाचा लेख मला सर्वांत जवळचा. त्याने शेतजमिनीचं उत्पन्न एका श्रेणीकडे लावून दिलं: वडालिका गावातली वीस निवर्तनं करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातली नऊ निवर्तनं वडाच्या झाडांसाठी. गावाचं नाव, जमिनीचं माप आणि झाडाची जात, सारं काही दगडावर नोंदलेलं आहे. डोंगरातलं वैभव कुणाच्या रानावर उभं होतं, हे यापेक्षा स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

मधल्या काळाचा आढावा थोडक्यात घेतो. निजामशाहीत आणि मोगलाईतही जुन्नर महत्त्वाचं ठाणं राहिलं. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ मध्ये इथल्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून इथे आला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात या मुलखाबद्दल लिहून ठेवलं. गावातल्या कागदी मंडळींचा हातकागद ‘जुन्नरी’ म्हणून नावाजलेला होता आणि पेशवाईच्या दप्तरात तो वापरला जाई. मराठ्यांचा इतिहास ज्या कागदावर वाचायचा तोही याच मातीतला, हे शाळेत कुणी सांगत नाही याची खंत वाटते.

आता पूर्वेकडे वळू. पूरच्या कुकडेश्वरापाशी उगम पावणारी कुकडी माणिकडोह आणि येडगावच्या धरणांत अडते आणि पुढे घोडला जाऊन मिळते. तिच्या काठी बोरी बुद्रुकला ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारं मिळाली. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे काम केलं आणि राखेच्या वयावरून अभ्यासकांत मोठा वाद झडला. आळ्याला ज्ञानदेवांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे. बेल्ह्याचा बैलबाजार पंचक्रोशीत ठाऊक आहे. याच टापूत निमगाव सावा आहे. इथल्या उसात आज बिबट्या मुक्कामाला असतो, आणि वारशाची भाषा करताना रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाची भीती बाजूला ठेवता येत नाही.

२०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. त्यामुळे पाट्या लागतील, रस्ते होतील, ते हवंच आहे. पण पाटी लागते ती किल्ल्याला, लेण्याला. निमगाव सावासारख्या गावाचं जे आहे ते शिवारात आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर जमिनींचे गट पडले आणि सातबाऱ्यावर गट नंबर आले. शेताचं बोलीतलं नाव मात्र घरच्यांच्या तोंडीच राहिलं. अदुथुमाने नोंदवलेली गावं आपण वाचू शकतो, आणि आजोबा ज्या रानाला नावाने हाक मारत त्याची नोंद कुठेच नाही.

म्हणून काम निमगावातूनच सुरू व्हावं असं मला वाटतं. शाळेतल्या वरच्या वर्गातल्या मुलांनी गट नकाशाची प्रत घ्यावी, जाणत्या माणसांबरोबर बांधाबांधाने फिरावं, आणि प्रत्येक गटापुढे रानाचं नाव, विहिरीचं नाव, ओढ्याचं नाव, कोणतं झाड कुणी लावलं ते लिहावं. पार, मारुती आणि जुने वाडे यांची मापं घ्यावीत, वीरगळ दिसला तर तो न हलवता त्याचा फोटो काढावा. ग्रामसभेपुढे हे वाचून चुका दुरुस्त कराव्यात आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हे होण्याजोगं आहे, आणि खर्च वह्या-पेन्सिलींपलीकडे फारसा नाही. घाई मात्र करायला हवी, कारण ही नावं ज्यांना पाठ आहेत ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.